खबर पारखा, वस्ती राखा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'आपली वस्ती आणि सुरक्षितता' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. आम्ही काही प्राध्यापक नाही की वकील नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या रिंगखात्यात, युनियनच्या गेटसभेत आणि मोफत वाचनालयाच्या बाकावर झाले. बदली कामगार म्हणून लागलो, पुढे कायम झालो, आणि २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली तेव्हा आम्हीही थांबलो. तेव्हा पुस्तकी बोलणे आमच्याकडून होणार नाही. जे पाहिले, जे ऐकून-वाचून तपासले, तेवढेच सांगणार आहोत.

सुरक्षितता म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलिस येतो, कुलूप येते, वॉचमन येतो, आणि आता भिंतीवरचे कॅमेरे येतात. हे सर्व हवेच, त्याला आमचा विरोध नाही. पण आमचे म्हणणे असे आहे की, वस्ती सुरक्षित राहते की नाही हे त्याच्याही आधी एका गोष्टीवर ठरते. ती गोष्ट म्हणजे खबर. वस्तीत खबर कोण आणतो, कोण सांगतो, आणि ऐकणारा ती पारखून घेतो की नाही. खरी खबर वेळेवर मिळाली तर माणसे वाचतात. खोटी खबर पसरली तर माणसे मरतात. यात आम्ही काही वाढवून सांगत नाही. या शहरात ते घडलेले आहे.

आधी आपली वस्ती कशी आहे ते बघा. पलीकडच्या चाळीत कोकणातली मराठा आणि भंडारी मंडळी. कोपऱ्यावर तेलंगणातून आलेले पद्मशाली, त्यांचे आजे-पणजे साच्यावर कापड विणायला आले. रस्ता ओलांडला की मोमीन मोहल्ला, तेही मूळचे उत्तरेतले विणकरच. दूधवाले, टॅक्सीवाले भैये, गुजराती वाणी, दोन-चार ख्रिस्ती कुटुंबे, आणि आपण. इतक्या बोलीभाषा आणि इतके सण एका अर्ध्या मैलात. गिरण्यांनी ही माणसे शेजारी आणून बसवली. पण शेजारी बसवली म्हणजे एक केली असे नव्हे. एकेकाळी साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, त्याचा विटाळ होतो म्हणे. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात जाहीरपणे मांडला. चाळीतसुद्धा अमुक नंबरची इमारत अमुक लोकांची, असे होतेच. म्हणजे आपण एकत्र राहतो, पण एकमेकांना पुरते ओळखत नाही. आणि जिथे ओळख नाही तिथे खोटी खबर लवकर पेट घेते.

तरी जुन्या चाळीत खबरेची एक व्यवस्था होती. जिन्याखाली फळा असायचा. कोणाचे निधन झाले, अंत्ययात्रा किती वाजता, पाणी कोणत्या वेळेला येणार, रेशनवर साखर आली का, शिष्यवृत्तीचे अर्ज कोठे मिळतात, मतदार यादीत नाव आहे की नाही, हे सर्व खडूने लिहिलेले असायचे. लिहिणारा कोण हे सगळ्यांना माहीत असायचे. त्याने चुकीचे लिहिले तर म्हातारी माणसे त्याला गॅलरीतूनच हाक मारून विचारायची, "काय रे, हे तुला कोणी सांगितले?" या एका प्रश्नात फार मोठी ताकद होती. खबरेला धनी होता. आज मोबाईलवर येणाऱ्या खबरेला धनी नाही. "पुढे आले म्हणून पुढे पाठवले" एवढेच उत्तर मिळते.

आपल्या समाजाला खबरेचे मोल नवे सांगावे लागू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केले, १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', आणि १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. पैसा नव्हता, माणसे नव्हती, तरी पत्रे काढली. कारण ज्याची खबर दुसरा सांगतो त्याची बदनामीही दुसराच करतो.

आता खोट्या खबरेने काय होते ते पाहू. जुनी मंडळी १९७४ साल विसरली नसतील. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बी.डी.डी. चाळींत पँथरच्या सभेवरून दंगल पेटली आणि पुढे काही महिने धुमसत राहिली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव यांच्यावर वरून दगडी पाटा टाकला गेला आणि ते शहीद झाले. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीबारात गेले. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. आम्ही त्या वेळी लहान होतो, पण आमच्या वडिलांच्या पिढीने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या दोन इमारतींतून एकमेकांवर सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या जात होत्या, त्यांचे पुरुष एकाच पाळीला एकाच गिरणीत जात. भोंगा वाजला की एकत्र निघायचे आणि परत आले की एकमेकांच्या गॅलऱ्यांकडे संशयाने बघायचे. मध्ये होती ती नुसती बोलवा. "आज रात्री ते येणार आहेत." कोण येणार, कोठून येणार, कोणी बघितले? ते कोणालाच सांगता येत नसे.

नंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. ते दिवस आम्ही विशीत असताना डोळ्यांनी बघितले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात मेलेल्यांची संख्या ९०० दिली आहे. त्यात ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, आणि उरलेले अनोळखी किंवा इतर. बंधूंनो, हे नुसते आकडे नाहीत. ९०० घरांत चूल विझली. जानेवारीच्या सुरुवातीला डोंगरी भागात माथाडी कामगारांचे खून झाले, मग जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जळीत झाले. या दोन्ही घटना खऱ्या होत्या आणि भयंकर होत्या. पण त्या खऱ्या घटनांना तिखट-मीठ लावून, त्यांची दहापट करून जी खबर गल्लोगल्ली गेली, तिने पुढची आग लावली. काही वर्तमानपत्रांच्या भडक लिखाणावरही आयोगाने बोट ठेवले. आमच्या कानावर तेव्हा काय काय आले? दुधात विष कालवले आहे. समुद्रातून बोटी भरून हत्यारे येत आहेत. चाकरमानी माणसे रात्र रात्र लाठ्या घेऊन गच्चीवर बसली. एक बोट आली नाही, पण तोपर्यंत शेजारच्या बेकरीवाल्याचे दुकान राख झाले होते आणि दुसऱ्या दिवशी वस्तीला पाव मिळाला नाही.

आता याच काळातली दुसरी बाजू ऐका, कारण नुसते रडगाणे गाण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. मुंबईपासून जेमतेम तासा-दीड तासावर भिवंडी आहे. यंत्रमागाचे गाव, हिंदू-मुसलमान दोन्ही भरपूर, सगळे पोटासाठी आलेले. तेथे मे १९७० ला दंगल झाली, न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. पुन्हा मे १९८४ ला झाली, त्यात भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून शेकडो माणसे मेली. म्हणजे दंगलीसाठी बदनाम झालेले गाव. सगळ्यांना वाटले होते की डिसेंबर १९९२ ला आधी भिवंडी पेटणार. पण मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. असे कसे झाले?

१९८८ मध्ये तेथे सुरेश खोपडे नावाचे पोलिस उपायुक्त आले. त्यांनी गावात सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या बसविल्या. प्रत्येक समितीत हिंदू आणि मुसलमान सारखे, आणि त्या भागातला एक पोलिस अधिकारी. नुसते पांढऱ्या कपड्यातले पुढारी नव्हेत, मोहल्ल्यातली साधी माणसे. आणि मुख्य गोष्ट अशी की, ही माणसे दंगल झाल्यावर शांततेसाठी जमत नव्हती. काहीही झालेले नसताना जमत होती. नळावरचे भांडण, गटाराचे पाणी, मुलांची मारामारी, भाडेकरूचा तंटा, हे मिटवत होती. त्यामुळे झाले काय, की पोलिसाला मोहल्ला ओळखू लागला आणि मोहल्ल्याला पोलिस. हिंदूला चार मुसलमानांची नावे आणि घरे माहीत झाली, मुसलमानाला चार हिंदूंची. डिसेंबर ९२ ला जेव्हा बोलवा उठली तेव्हा विचारायला माणूस होता. "अरे, तुमच्याकडे असे काही झाले का?" "नाही झाले." विषय संपला. गिरणीची भाषा बोलायची तर, सूत तुटले की लगेच सांधायचे. सगळा माग थांबेपर्यंत वाट बघायची नाही.

मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. त्या वेळचे पोलिस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी त्यात पुढाकार घेतला. पोलिस आणि मोहल्ल्यातली मुले यांचे क्रिकेटचे सामने भरविले. काही लोक तेव्हा हसले, की क्रिकेटने काय दंगल थांबते? क्रिकेटने थांबत नाही. पण ज्याच्या बरोबर मॅच खेळलो त्याच्या घरावर दगड टाकताना हात जरा अडखळतो, एवढे तरी खरे.

आणि हेही सांगावयास हवे, की एकदा समिती केली की काम संपले असे होत नाही. त्याच भिवंडीत जुलै २००६ ला कब्रस्तानाशेजारी पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा झाला. गोळीबारात दोन माणसे गेली आणि जमावाच्या हातून दोन पोलिस मारले गेले. म्हणजे जो बोलण्याचा रस्ता होता त्याचा वापर थांबला की गवत उगवते. विहिरीचे पाणी उपसत राहिले तरच गोड राहते.

आता आजच्या काळाकडे येऊ. तरुण मित्रांनो, हे विशेष करून तुमच्यासाठी आहे. आमच्या तरुणपणी खबर पसरायला एक रात्र लागत असे. आज एक मिनिट लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झाले? मुले पळविणारी टोळी आली, असा मोबाईलवर गवगवा झाला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, बाजारात आले होते. जमावाने त्यांना कोंडून, मारून मारून ठार केले. पाच जणांतला एकही चोर नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे पाठविण्यावर बंधन आणले. पण बंधन यंत्राला घातले, बोटाला कोण घालणार? १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवेने मारले गेले. वर त्यालाही धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न झाला. तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले की पकडलेल्यांत एकही मुस्लिम नाही.

आणि लांब कशाला, आपल्या गिरणगावातला एलफिन्स्टनचा पूल. २९ सप्टेंबर २०१७. जोराचा पाऊस, अरुंद जिना, खालून-वरून गर्दी. २३ माणसे चेंगरून मेली. मूळ दोष गर्दीचा आणि अपुऱ्या पुलाचा, यात शंका नाही. परंतु एका जखमी मुलीने चौकशीत सांगितल्याचे तेव्हा छापून आले होते, की फुलवाल्याचे "फूल गिर गया" हे शब्द लोकांनी "पूल गिर गया" असे ऐकले. एका अक्षराचा फरक. गर्दीत घाबरलेल्या माणसाला एक अक्षरसुद्धा पुरते.

बंधूंनो, आपली वस्ती यातून वेगळी नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. संध्याकाळी आपल्याच चाळीचे नाव घालून एक निरोप फिरला, की मुले पळविणारी बाई आली आहे, सोबत फोटो. अर्ध्या तासात नाक्यावर एक भंगार वेचणारी बाई पोत्यासकट सापडली, कडेवर तीन वर्षांचे पोर. चाळीस-पन्नास पोरे जमली. कोणीतरी तिचे केस धरले. त्या वेळी आपल्या महिला मंडळाच्या पाच-सहा आजीबाई तिच्याभोवती कडे करून उभ्या राहिल्या. एक आजी म्हणाली, "आधी मला मारा, मग हिला हात लावा." तिला विहारात आणले, पाणी दिले, ११२ ला फोन केला. पोलिस आले, चौकशी झाली. पोर तिच्या मुलीचे निघाले. बाई मराठवाड्यातली, दुष्काळात गाव सोडून आलेली, आपल्यासारखीच. आणि तो फोटो? तो दुसऱ्याच राज्यातला, कितीतरी जुना, भलत्याच प्रकरणातला होता.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. अशा जमावाच्या हाती नेहमी सापडते कोण? बंगल्यात राहणारा सापडत नाही. भंगारवाली सापडते, डवरी गोसावी सापडतो, फेरीवाला सापडतो, वेडसर माणूस सापडतो. म्हणजे ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही तोच. ज्या समाजाने शेकडो वर्षे "हे असलेच असतात" हे वाक्य स्वतःच्या पाठीवर झेलले, त्या समाजाच्या पोरांनी ते वाक्य दुसऱ्यावर उगारावे, हे आम्हाला सहन होत नाही. त्या दिवशी आजीबाई नसत्या तर एक जीव गेला असता आणि आपली दहा-वीस पोरे आज तुरुंगात असती.

येथे धम्माची आठवण काढली तर अस्थानी होणार नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना विचारले होते, की प्रत्येक जण येऊन आपलेच खरे म्हणतो, आम्ही मानावे कोणाचे? भगवंतांनी त्यांना कानावर आले म्हणून, परंपरेने आले म्हणून, मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि त्यातून कोणाचे अहित होते का ते पाहा, असा उपदेश केला. आपण पंचशील घेतो तेव्हा खोटे न बोलण्याचे शील घेतो. चहाडी करून माणसांत फूट पाडणारी वाणीही त्याच दोषात येते. मग खोटे लिहिले नाही, नुसते पुढे पाठवले, याने शील राहिले का? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

सुरक्षितता म्हणजे नुसती दंगल नव्हे, हेही विसरू नका. क्लासवरून रात्री साडेनऊला येणारी आपली मुलगी ज्या बोळातून येते तेथे दिवा आहे का? मीटरच्या पेटीवर वायरींचे जाळे झाले आहे, जिन्यात जुने सामान रचले आहे. आग लागली तर माणूस उतरणार कोठून? कोपऱ्यावर पोरे नशा करतात, ती कोणाची पोरे हे सर्वांना माहीत आहे, पण घरी सांगायला कोणी जात नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फोन येतो, "तुमचे खाते बंद होणार, नंबर सांगा," आणि फंडाचे पैसे जातात. ही सगळी सुरक्षिततेचीच कामे आहेत, आणि ती हिंदूची, मुसलमानाची, बौद्धाची वेगवेगळी नाहीत. दिवा लागला तर सगळ्यांच्याच मुलींना उजेड पडतो.

पोलिसांविषयी थोडे सांगतो. मागे आपल्या एका भगिनीची सोनसाखळी गेली. ती एका ठाण्यात गेली तर "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठविली, दुसऱ्या ठाण्यातही तेच. ठाण्यांची नावे आम्ही घेत नाही, भांडण वाढवायचे नाही. पण कायदा माहीत करून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १७३ व्या कलमाप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कोणतीही असो, नोंदवून घेतलीच पाहिजे, आणि तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. बघा, कायद्यानेही पहिला शब्द 'खबर' हाच वापरला आहे. 'प्रथम खबर'. तसेच दोन समाजांत द्वेष पसरविणे आणि लोकांत घबराट होईल अशी अफवा पसरविणे हे भारतीय न्याय संहितेच्या १९६ आणि ३५३ कलमांखाली गुन्हे आहेत. चेष्टेत पाठवले म्हणून सुटका होत नाही.

आता नुसते भाषण ठोकून आम्ही खाली बसणार नाही. समितीपुढे आमच्या काही सूचना आहेत, त्यांचा विचार व्हावा.

१) विहाराच्या दारात पुन्हा फळा लावावा. लिहिणाऱ्याने खाली नाव, तारीख आणि वेळ लिहावी. कोणी सांगितले तेही लिहावे. चूक झाली तर पुसून टाकू नये, त्याच फळ्यावर दुरुस्ती लिहावी. आणि कोणत्याही जातीचे किंवा धर्माचे नाव घालून गुन्ह्याची खबर लिहू नये. चोर हा चोर असतो.

२) मोबाईलवरच्या वस्तीच्या ग्रुपला हाच नियम लावावा. कोठे, केव्हा, कोणी बघितले, ही तीन उत्तरे नसतील तर निरोप पुढे जाणार नाही. दोन मुले आणि दोन मुली यांच्यावर ही जबाबदारी द्यावी.

३) वस्तीची एक समिती असावी. त्यात आपण, मोमीन मोहल्ला, तेलुगू मंडळी, कोकणी मंडळी, उत्तर भारतीय, ख्रिस्ती, सर्वांची माणसे असावीत. निम्म्या जागा बायकांच्या असाव्यात, कारण नळावर आणि शाळेच्या दारात खरी खबर त्यांनाच आधी कळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बसावे. काही भांडण नसेल तरी बसावे, चहा प्यावा आणि उठावे. त्यात वेळ वाया जात नाही, भिवंडीने ते दाखवून दिले आहे.

४) सणांचे कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून करावे. १४ एप्रिलची मिरवणूक, गणपती, मोहरम, ईद, नवरात्र, सगळ्यांचे मार्ग आणि वेळा ठरवाव्यात. हे होत नाही असे कोणी म्हणू नये. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. भायखळ्याच्या खिलाफत कमिटीने जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला काढला. २०२४ लाही दोन सण लागून आले, तेव्हा जुलूस १८ सप्टेंबरला निघाला. हा मोठेपणा त्यांनी दाखवला, त्याची खबर मात्र फळ्यावर कोणी लिहिली नाही. चांगली खबरही लिहायला शिकले पाहिजे.

५) हे नंबर प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवावेत. कोणत्याही संकटाला ११२, आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०८, मुलांसाठी १०९८, मुंबईत बायकांच्या मदतीला १०३, फोनवरच्या फसवणुकीला १९३०, आणि पावसापाण्यात महापालिकेचा १९१६. आजीला वाचता येत नसेल तर नातवाने पाठ करून घ्यावेत.

६) नवीन माणूस भाड्याने राहावयास आला तर त्याच्याकडे संशयाने बघत बसण्यापेक्षा समितीच्या दोन माणसांनी जाऊन ओळख करून घ्यावी. नाव विचारावे, काम विचारावे, गाव विचारावे. जात विचारू नये. ज्याला चार घरे ओळखतात तो सहसा वाकडे काम करत नाही, आणि त्याच्यावर कोणी खोटा आळही घेऊ शकत नाही.

आम्ही हे आताच का सांगतो? कारण वस्ती बदलते आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत माणसे गेली, याचा आम्हाला आनंदच आहे. आपलीही पाळी कधीतरी येईल. स्वतःचा संडास, स्वतःचे न्हाणीघर, म्हाताऱ्यांना लिफ्ट. आमच्या आईने आयुष्यभर रांगेत बादली लावली, तिला हे बघायला मिळाले नाही. पण टॉवरमध्ये गॅलरी नाही. दार लावले की शेजारी मेला की जगला हे कळत नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस आणि खालच्या मजल्यावरचा माणूस फक्त मोबाईलच्या ग्रुपमध्ये भेटतील. मग "काय रे, हे तुला कोणी सांगितले?" हे गॅलरीतून विचारणारे म्हातारे कोठे उभे राहणार? घर सरकार देईल, बिल्डर देईल, लिफ्टही देईल. शेजार कोणी बांधून देत नसतो. तो आपल्याला इथूनच बरोबर घेऊन जावा लागेल, आणि इथे ओळख केली असेल तरच तो बरोबर येईल.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. फळ्याची लाकडी चौकट माळ्यावर पडलेली आहे, ती खाली काढावी. खडूचा खर्च आम्ही करू. आणि येत्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता समितीच्या पहिल्या बैठकीला मोमीन मोहल्ल्याच्या आणि तेलुगू समाजाच्या मंडळींना निमंत्रण द्यायला आपल्यापैकी कोण कोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे नावे द्यावीत. मुलींची नावे आधी लिहून घेऊ.



जयभीम!